पावशी, इळा, सुरी, कात्री: धार लावून कुठं मिळेल? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची खानावळ विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी आणि वावर तिथून सहा किलोमीटरवर. त्यामुळे घरात धारेची हत्यारं दोन तऱ्हेची: स्वयंपाकघरातल्या सुऱ्या आणि पावशी, अन् कोठ्यातले इळे, खुरपी, कुऱ्हाडी. दोन्हींना धार लावून आणायचं काम माझ्याकडेच. ओळखीचे लोक तेच तेच विचारतात, म्हणून एकदाचं लिहून काढलं. पावशी म्हणजे विळी आणि इळा म्हणजे विळा, हे पुण्या-मुंबईकडच्यांसाठी सांगून ठेवते.

आमच्या गावात धारवाला येतच नाही. शोधायचा कुठं?

आधी आठवडी बाजारात. इळे, खुरपी, तवे, सराटे मांडलेली एक लोखंडाची ओळ प्रत्येक बाजारात असते. तिथं विकणारा बरेचदा स्वतः घडवणारा असतो, लोहार किंवा आपल्याकडे म्हणतात तसा खाती. विकत काही घ्या न घ्या, ‘पाजवून द्याल काय?’, म्हणजे धार लावून द्याल काय, एवढं विचारा. बाजार भरायच्या आधी किंवा तो सामान आवरत असताना गेलं तर तो नीट बोलतो. भर बाजारात त्याला गिऱ्हाईक सोडून तुमच्या सुरीकडे बघायला सवड नसते.

बाजारात नाही सापडला तर सुताराला विचारा. सुताराची पटाशी आणि रंध्याचं पातं बोथट असलं तर त्याचं कामच थांबतं, म्हणून धार कोण चांगली लावतो हे त्याला ठाऊक असतंच. कित्येक सुतार स्वतःच घरगुती सुऱ्यांना धार लावून देतात, फक्त पाटी लावत नाहीत. तिसरा माणूस मटणवाला. त्याचा सत्तूर रोज हाडावर पडतो. तो ज्याच्याकडे जातो त्याच्याकडे सत्तूर, कोयता, कुऱ्हाड बिनधास्त द्यावी. नाजूक सुरी मात्र त्या धारवाल्याकडे देऊ नये, ते काम वेगळं.

वेळ पाळा. सोयाबीनची सोंगणी, म्हणजे कापणी, तोंडावर आली की सगळा तालुका इळे घेऊन भात्यापुढं उभा असतो, त्यात खंडेनवमीला हत्यारं पूजायची म्हणून आणखी गर्दी. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या धानपट्ट्यात हीच घाई दिवाळीच्या आगेमागे. उन्हाळ्याच्या शेवटी वखराच्या पासी, म्हणजे त्याची लोखंडी पाती, आणि फाळ यांची गर्दी. या दिवसांत तुमची कांदा चिरायची सुरी तो कोपऱ्यात टाकून देईल आणि त्याचं काही चुकलं असंही म्हणता येणार नाही. आषाढ-श्रावणात झड लागली की तोच माणूस भात्याजवळ बिडी ओढत बसलेला सापडतो. मी वर्षाची मोठी धार तेव्हाच लावून घेते.

नागपूरला किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी जाणं होतं. तिथं कुणाला विचारावं?

शहरात ‘धार लावून मिळेल’ असा बोर्ड शोधत फिरू नका. ज्यांचं पोट धारेवर आहे त्यांना विचारा. कात्रीसाठी कापडबाजारातला शिंपी. वस्तऱ्यासाठी आणि केस कापायच्या कैचीसाठी सलूनवाला. मोठ्या सुऱ्यांसाठी हॉटेलचा आचारी, पण मालकाला नाही, आत जो कांदा चिरतो त्याला. या लोकांचा धारवाला ठरलेला असतो आणि तो महिन्यातून अमुक दिवशी येतो किंवा अमुक गल्लीत बसतो, एवढं ते सांगतात.

नागपुरात इतवारीला लोहा ओळ आहे. नावाप्रमाणे लोखंडी सामानाची. कात्रीचं काम असेल तर गांधीबागेच्या कापडबाजाराच्या अंगानं चौकशी करावी. सुटं सामान, म्हणजे धारेचे दगड, कानशी, साणेची (फिरवून धार लावायची) चाकं हवी असतील तरी इतवारीच बरी. अमरावती, अकोला, यवतमाळ कुठंही हाच हिशेब: जुन्या गावातली हार्डवेअरची गल्ली धरायची, नव्या कॉलनीतलं चकचकीत दुकान नाही.

शहरात हत्यार सोडून यायचं असेल तर मुठीवर रंगाचा एक ठिपका टाका. धारवाल्याकडे शंभर सुऱ्या पडलेल्या असतात, अदलाबदल झाली तर भांडून उपयोग नसतो.

सायकलवर साण घेऊन फिरणारा दारात येतो. त्याच्याकडे द्यावं का?

द्यावं, पण समोर उभं राहून. सायकल स्टँडवर चढवायची, पायडल मारायचं, पट्ट्यानं साण फिरते आणि ठिणग्या उडतात. पोरं ठिणग्या बघतात, तुम्ही त्याचे हात बघा.

तो पातं साणेवर दाबून धरतो की हलकं ओढत नेतो? मुठीपासून टोकापर्यंत एका चालीनं नेतो की एकाच जागी घासत बसतो? एकाच जागी घासलं की पात्याला पोट पडतं. मग पाटावर सुरी टेकवली की मधे उजेड दिसतो आणि कोथिंबीर कापताना काड्या अर्धवट जोडलेल्या राहतात. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, जवळ पाण्याचं डबडं आहे का? दोन-तीन फेऱ्यांनंतर पातं पाण्यात बुडवणारा माणूस धंदा शिकून आलेला असतो.

आमच्याकडे एक जण येतो त्याला मी पहिल्यांदा एक जुनी, टाकाऊ सुरी दिली. म्हटलं, ‘आधी ही लावून दाखव.’ तो हसला. ‘काकू, परीक्षा घेता काय?’ हाव म्हटलं, परीक्षाच आहे. पास झाला. गेली कित्येक वर्षं तोच येतो आणि आल्यावर आधी पाण्याचं डबडं मागतो.

‘पाणी उतरलं’ म्हणजे काय?

हे समजलं की बाकीचं अर्धं समजलं, म्हणून जरा लांबण लावते.

पोलादाचं पातं लाल तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवलं की ते कडक होतं. यालाच लोहार पाणी देणं म्हणतो. नुसतं तसंच ठेवलं तर काचेसारखं तडकेल, म्हणून पुन्हा थोडं तापवून बेतात आणतात. दोन्ही मिळून पात्याला जो कडकपणा येतो त्यावर धार टिकते. आता हेच पातं कोरड्या, वेगानं फिरणाऱ्या साणेवर दाबून धरलं तर धारेची बारीक कड क्षणात तापते. आधी पिवळसर रंग चढतो, मग तपकिरी, मग जांभळा-निळा. निळा रंग म्हणजे त्या कडेचा पारा तीनशे अंशांच्या आसपास गेला. तेवढ्या भागाचं पाणी उतरलं.

माझ्याबरोबर हे घडलेलं आहे. शहरातल्या एका दुकानात खानावळीची सगळ्यात चांगली सुरी दिली. इलेक्ट्रिकच्या साणेवर लावून त्यानं दोन मिनिटांत परत केली. हाताला लागेल अशी धार, मी खूश. घरी आल्यावर उजेडात पाहिलं तर टोकाकडं दोन बोटं निळी झाक. आठ दिवसांत तेवढाच भाग बोथट. पुन्हा घासली, पुन्हा चार दिवसांत तेच. शेवटी आमच्या बाजारातल्या म्हाताऱ्या लोहाराला दाखवली. त्यानं नखानं कड चाचपली आणि म्हणाला, ‘बाई, इचं पाणी उतरलं. आता हे नुसतं लोखंड हाय.’ मग तो निळा भाग साणेवर पाणी टाकत टाकत पूर्ण झिजवून काढला, तेव्हा खालचं चांगलं पोलाद लागलं. सुरी अर्धा बोट अरुंद झाली.

तेव्हापासून मी ठिणग्यांचं कौतुक करत नाही. दर धारेला पात्यातलं थोडं लोखंड जातंच, ते परत येत नाही. जो कमीत कमी घासून धार आणतो तो चांगला धारवाला, आणि तो बहुधा हळूच काम करतो.

धार कितपत बारीक मागावी?

काम बघून. भाजीच्या सुरीला प्रत्येक बाजूनं पंधरा ते वीस अंशांचा उतार पुरतो. हाडं तोडायच्या सत्तूराला आणि कुऱ्हाडीला तेवढी बारीक धार दिली तर पहिल्या घावाला दाते पडतील. तिथं उतार जाड हवा, पंचवीस-तीस अंश. धारवाल्याला अंश सांगायची गरज नाही. ‘कांदा-कोथिंबिरीची आहे’ किंवा ‘हाडाची आहे’ एवढं सांगा. न सांगता दिलं तर तो सगळ्यांना एकच धार लावतो.

पावशीचं थोडं निराळं. पातं उभं, आपण भाजी त्याच्यावर ढकलतो, त्यामुळे आतल्या वाकाला धार लागते. ती चपट्या साणेवर नीट बसत नाही. पावशी पाजवायला अर्धगोल कानस किंवा निसणा (धारेचा दगड) वापरणारा जुना माणूसच गाठावा. खोबरं खवायचे दाते असतील तर त्यांना हात लावू नको म्हणून बजावावं.

इळ्याला दर हंगामात लोहाराकडे न्यावंच लागतं का?

साध्या इळ्याला, हो. सोयाबीनचं खोड लाकडासारखं, कापणी जमिनीलगत, त्यात माती आणि खडे. दोन दिवसांत धार जाते. म्हणून सोंगणीवर बाया कमरेला दगडाचा तुकडा बांधून येतात आणि तास, म्हणजे पिकाची ओळ, संपला की धुऱ्यावर दोन हात मारून घेतात. ती रोजची धार. पण इळ्याची कड जाड झाली की नुसतं घासून भागत नाही. लोहार ती तापवून, ठोकून पातळ करतो आणि पुन्हा पाणी देतो. वखर-डवऱ्याच्या पासीचंही तसंच. याला साणवाला कामाचा नाही, भाता आणि ऐरणच लागते.

इळा विकत घेताना ट्रकच्या पाट्याचा, म्हणजे स्प्रिंगच्या पट्टीचा, मागा. पाट्याचं पोलाद पाणी चांगलं धरतं. पत्र्याचा इळा स्वस्त पडतो आणि वाकतो.

दातेरी इळा, वैभव इळा म्हणून जो मिळतो, तो साणेवर कधीच देऊ नका. दाते गेले की इळा गेला. घासले गेलेले दाते त्रिकोणी कानशीनं एकेक करून काढता येतात, पण त्या मेहनतीत नवा येतो.

कडबा कुट्टीची पाती कोण लावून देतं?

वेल्डिंगचं दुकान किंवा मोटार रिवाइंडिंगवाला बहुतेक वेळा देतो, साणेचं मशीन त्याच्याकडे असतंच. पण तीन गोष्टी तुम्ही स्वतः बघा. आधी प्लग काढून मगच पाती उघडा. बटन बंद केलंय यावर विसंबू नका, पोरगं येऊन चालू करतं. दुसरं, पात्याच्या उताराच्या बाजूनंच घासायचं, सपाट बाजू तशीच ठेवायची. तिसरं, दोन्ही पाती सारखीच घासली पाहिजेत. एक हलकं आणि एक जड झालं तर चाक थरथरतं आणि बोल्ट सैल होत जातात. बसवताना पातं आणि खालची पट्टी यांच्यात कागदाच्या पुठ्ठ्याएवढी फट ठेवा, चाक आधी हातानं फिरवून बघा. फट जास्त झाली की कडबा कापला न जाता दुमडून ओढला जातो. लोक म्हणतात धार गेली, आणि धार चांगलीच असते.

शिवणाची कात्री द्यायची आहे. काय सांगून द्यावं?

आतली बाजू घासू नको, हे सांगून द्या. कात्रीच्या दोन्ही पात्यांची आतली अंगं किंचित पोकळ असतात, ती फक्त धारेच्या रेषेवर एकमेकांना भेटतात. आतून सपाट घासली की कापड कापायचं सोडून मधे घेते. धार बाहेरच्या उतारालाच. परत घेताना दोन परीक्षा करा. कात्री उघडून एक मूठ सोडा. अर्ध्यावर येऊन थांबली पाहिजे, धाडकन पडली तर बोल्ट सैल आहे. आणि मऊ सुती कापड फक्त टोकानं कापून पाहा. बरेच जण मुठीजवळ कापून दाखवतात, तिथं बोथट कात्रीही कापते.

मेरठची ओतीव मुठीची कात्री असेल तर ती पिढीभर चालते, धार लावत राहा. प्लास्टिकच्या मुठीची दीडशेची कात्री एकदा लावा, दुसऱ्यांदा नवी घ्या. केस कापायची कैची गावात कुणालाच देऊ नका.

संत्र्याच्या सल काढायच्या कात्रीचं काय?

सल म्हणजे झाडावरच्या वाळलेल्या काड्या-फांद्या. वरुड-मोर्शीकडचे लोक हे विचारतात. छाटणीच्या कात्रीला एकाच पात्याला, एकाच बाजूनं धार असते. दुसरं पातं फक्त आधार. ती खोलून, चीक पुसून, बारीक दगडानं घरीच लावता येते. बोथट कात्रीनं फांदी चेचते आणि जखम भरायला वेळ लागतो. रोगट झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना पातं निर्जंतुक करून घ्या, नाहीतर चांगल्या धारेनं रोगच वाटत फिराल.

महागाची परदेशी सुरी भेट मिळाली आहे. बाजारात देऊ?

नको. ती पातळ आणि जास्त कडक असते, साणेवर तिचे टवके उडतात. सपाट दगडावर पाणी घालून हातानं लावणारा माणूस मिळाला तर ठीक, नाहीतर स्वतः शिका. सिरॅमिकच्या पांढऱ्या सुरीला तर हिऱ्याचाच दगड लागतो, तिच्या नादाला लागू नका.

मिक्सरच्या पात्यांना धार लावावी का?

सायकलवाला लावून देतो, पण मला पटत नाही. पाती झिजून हलकी-जड झाली की भांडं थरथरतं आणि खालून गळायला लागतं. पात्यांचा सेट बदललेला बरा.

घरच्या घरी शिकता येईल का?

येईल, आणि भाजीच्या सुरीसाठी हाच खरा उपाय. दोन बाजूंचा दगड आणा: एक बाजू भरड, एक बारीक. दगडावर आकडा असतो. चारशेच्या आतला भरड, हजारच्या आसपासचा रोजच्या धारेला, तीन हजारच्या वर फक्त चमक आणायला. खानावळीला हजारचा पुरतो.

दगड पाण्यात भिजवून ओल्या फडक्यावर ठेवा, म्हणजे सरकत नाही. वर सांगितलेला पंधरा-वीस अंशांचा उतार येईल एवढी सुरीची पाठ उचला आणि तोच उतार न बदलता कड दगडावरून सावकाश न्या. एका बाजूनं इतकं घासा की दुसऱ्या बाजूला बोट आडवं फिरवल्यावर बारीक तार, म्हणजे घासून पलीकडं वळलेली कड, लागेल. ती तार मुठीपासून टोकापर्यंत लागली पाहिजे. मग बाजू बदला. शेवटी दोन्हीकडून अगदी हलके हात मारून ती तार काढून टाका. लोक इथंच चुकतात: तार तशीच ठेवतात, सुरी त्या दिवशी वस्तऱ्यासारखी चालते आणि दुसऱ्या दिवशी तार वाकली की म्हणतात दगड खराब. न्हावी वस्तरा कातड्याच्या पट्ट्यावर फिरवतो ते याच तारेसाठी. जुन्या चामडी कमरपट्ट्याच्या आतल्या बाजूवर सुरी उलटी ओढली तरी चालतं.

जाता जाता सांगते, जुनी साण म्हणजे कुरुंदाची पूड लाखेत बसवून केलेलं चाक. कुरुंद म्हणजे हिऱ्याच्या खालोखाल कडक खनिज. आपल्या भंडारा जिल्ह्यातही तो सापडतो.

दगड नाहीच मिळाला तर चिनी मातीच्या कपाच्या बुडाची जी खरखरीत, बिनचकाकीची कड असते तिच्यावर आठ-दहा हात मारा. पाहुणे दारात असताना तेवढ्यानं टोमॅटो कापला जातो. उंबऱ्याच्या दगडावर घासू नका, कड खरडली जाते.

किती पैसे घेतात?

नगावर, आणि आधी ठरवून. गेल्या खेपेला मी पावशीचे तीस आणि सुरीचे वीस दिले. तुमच्याकडे वेगळे असतील. दाते पडलेलं पातं जास्त वेळ खातं, त्याचे जास्त मागितले तर कुरकुर करू नका. काही गावांत लोहाराला अजून वर्षाचं धान्य बांधलेलं आहे, तिथं इळ्या-पासीचे पैसे नसतात, पण सुरी-कात्री त्यात धरत नाहीत. ते आधीच विचारलेलं बरं.

इळा-सत्तूर घेऊन एसटीनं गेलं तर पोलीस अडवतील का?

1959 च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याच्या हत्यारांचा उल्लेख आहे, पण घरगुती आणि शेतीकामाची हत्यारं त्यातून वगळलेली आहेत. तरी हातात उघडा सत्तूर घेऊन फलाटावर उभं राहिलं तर कुणीही विचारणारच. पात्याला जाड पुठ्ठा, त्यावर गोणपाट, सुतळीनं बांधून पिशवीत तळाशी. कुठं बंदोबस्त लागलेला असेल त्या दिवशी जाऊच नका.

धार लावताना किंवा नंतर बोट कापलं तर?

वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवा, स्वच्छ फडक्यानं दाबून धरा, हात वर ठेवा. हळद, चुना, बिडीची राख भरू नका. हत्यार मातीतलं असेल आणि धनुर्वाताची सुई घेऊन बरीच वर्षं झाली असतील तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. बोट वाकत नसेल किंवा सुन्न वाटत असेल तर नुसत्या टाक्यांनी भागणार नाही, मोठ्या दवाखान्याची गरज आहे.

धार लावून आणली आणि आठ दिवसांत गंज चढला. धारवाल्यानं काही केलं का?

नाही, तो तुमच्या घरातला आहे. लोखंडी पातं लिंबू-चिंच कापून तसंच ठेवलं की रात्रीतून काळं पडतं. वापरलं की धुवा, पुसा, कोरडं ठेवा. हंगाम संपल्यावर इळ्यांना जवसाच्या तेलाचा हात द्या. हे तेल वाळून पापुद्रा धरतं, त्यामुळे गंज लवकर चढत नाही. स्वयंपाकाच्या सुरीला मात्र ते चिकट होतं, तिला शेंगदाण्याचं तेल बोटभर पुरे. तेल लावलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात ढीग लावू नका. जवसाचं तेल वाळताना आपोआप तापतं आणि ढीग पेटू शकतो.

मूठ हलते आहे. तेही धारवाल्यालाच सांगावं?

सांगावं, आणि धार लावायच्या आधी. हलत्या मुठीचं पातं त्याला एका उतारावर धरताच येत नाही. लोहार पात्याचं शेपूट तापवून बाभळीच्या मुठीत ठोकून बसवतो, वर लोखंडी कडी चढवतो. सुताराकडे गेलात तर तो पाचर मारून देईल. आमच्या म्हाताऱ्या लोहारानं बसवलेली इळ्याची मूठ अजून तीच आहे.